कोठ्यातली नावे

शरदात बिरसीच्या शिवारात काम, कुटुंब आणि जनावर यांचे हिशेब वेगवेगळे मांडता येत नाहीत. गोंदिया जिल्ह्यातले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते विमानतळामुळे. त्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली आणि आज तिच्यावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने उडतात. खाली धानाच्या बांध्या आहेत. दसऱ्याच्या सुमारास हलके धान पिकते. कापणी झाली की कडपा वाळवायच्या, भारे बांधायचे, पुंजणे रचायचे आणि मग धान चुरायचे. या दिवसांत घरातले कोणीच मोकळे नसते. घरातल्यांत बैल धरायचे, तसाच रात्री पुंजण्यापाशी बसणारा कुत्राही.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण २०२५ साली जनावरांवरून एकामागून एक वाद झाले. मुंबईचे कबुतरखाने, नांदणी मठाची हत्तीण, सर्वोच्च न्यायालयाचे दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयीचे ऑगस्टमधले आदेश. या वादांत एक विधान पुन्हा पुन्हा कानी आले: प्राण्यांवरचे प्रेम ही शहरी फुरसत, शेतकऱ्याला जनावर म्हणजे अवजार. हत्तिणीसाठी रस्त्यावर उतरलेली कोल्हापूरकडची गावे पाहूनही हे विधान मागे घेतले गेले नाही.

या विधानाची सर्वांत विचारपूर्वक मांडणी वेल्श इतिहासकार कीथ थॉमस यांच्याकडे सापडते. ‘मॅन अँड द नॅचरल वर्ल्ड’ (१९८३) या ग्रंथात त्यांनी १५०० ते १८०० या काळातल्या इंग्लंडचा अभ्यास केला. लाडक्या प्राण्याच्या त्यांनी तीन खुणा दिल्या: त्याला घरात प्रवेश असतो, त्याला स्वतःचे नाव असते आणि त्याला खाल्ले जात नाही. शहरी मध्यमवर्ग वाढला, रोजच्या कामातून जनावर दूर गेले आणि या लाडाला जोर आला, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

या खुणा बिरसी ज्या झाडीपट्टीत आहे तिथल्या गुरांच्या कोठ्याला लावून पाहण्यासारख्या आहेत. कोठा घराला लागून असतो. रात्री बैल उठला की आतल्या माणसाला कळते. प्रत्येक बैलाला नाव असते आणि हाक मारली की तो मान वळवतो. पोळ्याला घरच्या बाईने ओवाळल्यावर नैवेद्य त्याच्या तोंडी जातो. तिसऱ्या खुणेपाशी मात्र प्रामाणिक राहिले पाहिजे. घरात त्याला कोणी खात नसे, पण थकलेला बैल बाजारात जाई आणि पुढे त्याचे काय होते हे विकणाऱ्याला माहीत असे. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा भार मात्र शेतकऱ्यावरच राहिला.

इथपर्यंत थॉमस यांना उत्तर देता येते. पुढे आकडे आडवे येतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश सुमारे ६.७९ कोटी होता. २०१९ मध्ये तो ४.७४ कोटींवर आला. त्याच काळात गायी १२.३० कोटींवरून १४.५१ कोटींवर गेल्या. दूध देणारी राहिली, ओढणारा गेला. प्रेम उपयोगावर अवलंबून नव्हते असे म्हणणाऱ्याला हे आकडे गिळावेच लागतात, आणि ‘अवजार’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यात निम्मे सत्य आहे हेही मान्य करावे लागते.

निम्मेच, कारण बैल नुसता ट्रॅक्टरने गेला नाही. बैलाच्या पायाखाली किंवा हाताने झोडून चुरलेल्या धानाचे तणस लांब राही, रचून ठेवता येई आणि वर्षभर दावणीला पुरे. हार्वेस्टर धान घेतो आणि तणसाचा चुरा बांधीभर पसरून जातो. तो गोळा करायला मजूर परवडत नाही, म्हणून पुष्कळदा जागीच पेटवला जातो. ज्या यंत्राने बैलाचे काम घेतले त्यानेच त्याचा चाराही नेला. हे साखळीचे तुटणे आहे. त्याला मायेचे आटणे म्हणणे अन्यायाचे आहे.

माया मालकीतून येत नाही, हे गोवारी समाजाच्या गुराख्यावरून दिसते, आणि थॉमस यांच्या तीन खुणांत त्याला जागा नाही. तो सकाळी आखरावरून, म्हणजे गुरे जमवण्याच्या जागेवरून, गावाची गुरे हाकून नेतो. कोणती गाय कुणाच्या बांधीत शिरते, कोणती गाभण आहे, कोणती लंगडते, हे मालकाआधी त्याला कळते. त्यातली एकही त्याची नसते. ओळख येते ती सोबत घालवलेल्या तासांतून. असे तास घालवणाऱ्या समाजाची दखल राज्याने मात्र उशिरा घेतली: २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी नागपूरला विधिमंडळावर नेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले.

दिवाळीच्या पाडव्याला झाडीपट्टीत गायगोधन होते. गावची गुरे सजवून एकत्र आणतात, शेणाचे गोधन मांडतात आणि त्यावरून गायी चालवतात. गोवारी ढाल घेऊन नाचत पुढे असतात. त्या दिवशी कळपाची ओळख सांगणारा माणूस गुराखीच असतो. ज्यांच्या कोठ्यात त्या गायी रात्री परततात ते बाजूला उभे राहून पाहतात.