पोत सोडवून आण

पेढे तिथं टेबलावर ठेव आणि बस. पाया नंतर पड. आशीर्वाद द्यायचा की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही.

काल संध्याकाळी तुझी आई येऊन गेली. घरात ये म्हटलं तरी आली नाही, ओट्यावरच टेकली. मे महिन्याच्या उकाड्यात पदर गळ्याशी घट्ट धरून बसली होती. पाणी प्यायला हात वर केला, पदर सरकला, आणि मला दिसलं. काळ्या दोऱ्यात ओवलेले चार मणी. पोत नाही. "बाई, सहा महिन्यांत सोडवून देतो म्हणालाय," एवढंच बोलली. वर मलाच विचारते, "नाटकात तो चांगला करतो ना हो?" काय उत्तर द्यायचं होतं मी? तिच्यापुढं मान हलवली. ती मान हलवल्याचं मला रात्रभर लागून राहिलं, म्हणून तुला आज बोलावलं.

तू मुंबईला जातोयस म्हणून मी रागावलेली नाही, हे आधी कान उघडे ठेवून ऐक. नाशकातून मुंबईला जाणं हे काही पाप नाही. पैसे कमी आहेत म्हणूनही रागावलेली नाही. सातपूरच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या बापाच्या पोरानं नट होऊ नये, असं म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी दार लावीन. माझा राग दोन गोष्टींचा आहे. बापाला ठाण्यात कंपनीची नोकरी लागली म्हणून खोटं सांगितलंस, हा एक. दुसरा त्याहून मोठा. हाल सोसायची तयारी झाली म्हणजे अभिनयाची तयारी झाली, असं तू धरून चाललायस.

हिशेब कर. माझ्यासमोर, या वहीत. तुझे साठवलेले पंधरा, पोतीचे वीस, झाले पस्तीस हजार. अंधेरीला चौघांच्या खोलीत एक कॉट, भाडं नऊ हजार, डिपॉझिट अठरा, हे तूच मित्रांना सांगत होतास. म्हणजे पहिल्या दिवशी सत्तावीस गेले. उरले आठ. त्यातून लोकलचा पास, मेस, मोबाइल. आणि त्या फोटोवाल्यानं पोर्टफोलिओचे बारा हजार मागितलेत. आठातून बारा कसे वजा करायचे, ते चौथीतलं पोर तुला सांगेल.

बरं, तुझं नशीब धरू. उतरलास त्याच दिवशी मालिकेत छोटं काम मिळालं. पैसे कधी? मालिकांच्या धंद्यात काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे हा रिवाज आहे, आणि त्यातून कोऑर्डिनेटरचा हिस्सा आधी कापला जातो. म्हणजे सगळं तुझ्या मनासारखं झालं तरी चौथ्या महिन्यापर्यंत तुझ्या हातात दमडी नाही. तीन महिने काय खाणार आहेस? याचं उत्तर तुझ्याकडे नाही, कारण तू ते कुणाला विचारलंच नाहीस. तुला विचारायचं होतं फक्त आराम नगरला कसं जायचं. वर्सोव्याच्या त्या गल्ल्यांत सकाळपासून पोरं रांगा लावतात. दारातला मुलगा चेहरा बघतो, उंची बघतो, "नॉट फिट" म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. दिवसाला पाच दारं, पाच वेळा तेच दोन शब्द. तुला माझी एक हाक सहन होत नाही, तोंड पाडून बसतोस. तू ते दोन शब्द वर्षभर ऐकून घेणार आहेस?

आणि तो रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार मागणारा माणूस. त्याचा नंबर आत्ता, माझ्यासमोर, पुसून टाक. काम देणारा नटाला पैसे देतो, नटाकडून घेत नाही. कार्ड करून देतो, वर्कशॉपची फी भर, मग डायरेक्टरला भेटवतो, असं जो म्हणेल त्याचा धंदा तुझ्यासारख्यांच्या आयांच्या पोतीवर चालतो. कास्टिंगचं काम करणारी खरी माणसं ऑडिशनचा रुपया मागत नाहीत. हे एक वाक्य जरी लक्षात ठेवलंस तरी आजचं येणं फुकट गेलं नाही म्हणेन.

मला तिथलं काही माहीत नाही असं समजू नकोस. माझा एक विद्यार्थी असाच गेला होता. तुझ्यापेक्षा गुणी, हे मुद्दाम सांगते. दोन वर्षांनी मी त्याला बघायला नालासोपाऱ्याला गेले. खोलीत तिघं. दाराशी काळ्या बुटांचा एकच जोड, पॉलिश करून कागदावर ठेवलेला. भिंतीवर पेन्सिलनं वार लिहिलेले आणि प्रत्येक वारापुढं एकाचं नाव. ऑडिशनला बूट कुणी घालून जायचे, त्याची पाळी. बूट आठ नंबरचे, याचा पाय सातचा. तो टाचेत वर्तमानपत्र कोंबून जायचा. मी विचारलं, रियाज कधी करतोस? हसला. "बाई, रात्री कॉल सेंटर, दिवसा रांग. रियाज कधी करू?" पुढच्या वर्षी कावीळ घेऊन घरी आला. त्याचा आवाज, जो मी इथं सहा वर्षं घासून घेतला होता, तो तिथं तीन वर्षांत बसला. हरला म्हणून मला वाईट वाटलं नाही रे. शिकलेलं होतं तेही तिथं झिजून गेलं, त्याचं वाटलं.

आता तू नवाजुद्दीन सिद्दीकीचं नाव घेणार. घेच. वॉचमनची नोकरी केली, उपाशी राहिला, हे तुला पाठ आहे. पुढचं पाठ आहे का? वॉचमनकी करतानाच तो दिल्लीत नाटकं करत होता. मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून 1996 साली बाहेर पडला. 'सरफरोश'मधलं ते चिमूटभर काम 1999 मधलं, आणि लोकांनी नाव घेऊन ओळखायला 2012 उजाडलं. एवढं शिकून आलेल्या माणसाला इतकी वर्षं लागली. तू त्याच्या गोष्टीतली भूक तेवढी उचललीस आणि शिक्षण ठेवून दिलंस. उपासानं नट होत असता तर कुंभमेळ्यात रामकुंडावर नटांचीच गर्दी झाली असती.

आपल्याकडचे बघ. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करत होते. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे शस्त्रक्रियातज्ज्ञ. कॉलेजापासून नाटक करत होते, पण दवाखाना सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर. आणि आले ते कुणाच्या नाटकातून? 'इथे ओशाळला मृत्यू'. आपल्या वसंत कानेटकरांचं. ते इथं एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि नाटकं याच गावात बसून लिहायचे. वर्षभरात त्याच लागूंनी 'नटसम्राट' उभं केलं, तेही नाशकातल्याच शिरवाडकरांचं. तू या गावात चोवीस वर्षं काढलीस. कानेटकरांचं एक नाटक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंयस? खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. वाचलेलं नाहीस. तू तुझी पानं झेरॉक्स करून घेतोस आणि तेवढीच वाचतोस. समोरच्या पात्राला काय हवंय, ते तुला कधी माहीतच नसतं. म्हणून तुझं बोलणं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून येतं.

डिसेंबरातला प्रयोग आठव. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, साईखेडकर नाट्यगृह, दुसरा अंक. बहिणीच्या हातातलं पत्र घेऊन तुला चार वाक्यं बोलायची होती. तू पत्र घेतलंस आणि गप्प झालास. मी विंगेत होते, मला तुझ्या हातातला कागद थरथरताना दिसत होता. ती पोरगी, तुझ्याहून चार वर्षांनी लहान, तिनं समोरचा तांब्या उचलला, पाणी ओतलं, पेला तुझ्या हातात दिला आणि तुझी चारही वाक्यं स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या शब्दांत, तुझ्याबद्दल बोलल्यासारखी बोलून गेली. प्रेक्षकांना काही कळलं नाही. प्रवेश वाचला. नाटक संपल्यावर मेकअप रूममध्ये तू काय म्हणालास? "लाइट डोळ्यांवर आला बाई, लाइटवाल्यानं घोळ केला." त्या मुलीला आभाराचा एक शब्द नाही. त्या रात्री सेट उतरवायला सगळे थांबले आणि तू सेल्फी काढून निघून गेलास. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. स्पर्धेचा थकवा होता, गप्प बसले. ती चूक माझी.

चाळीस तालमींपैकी अकरा चुकवल्यास. माझ्याकडे हजेरी आहे. 'ण' आणि 'न' अजून गोंधळतो. "पाणी" म्हणताना तुझं "पानी" होतं, आणि ते पात्राचं बोलणं असतं तर मी डोक्यावर घेतलं असतं. पात्र पुणेरी वकील असलं तरी तू "पानी"च म्हणतोस, कारण तुला ते ऐकूच येत नाही. कान तयार नाही तर जीभ कशी तयार होणार? वर हनुवटी चढवून कॅमेऱ्याकडे बघण्याचा सराव मात्र भरपूर.

"दादासाहेब फाळक्यांनीही सगळं पणाला लावलं होतं," असं तू त्या स्टेटसवर लिहिलंयस म्हणे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाचं नाव घेतलंस तर त्याचं कामही समजून घे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं ते शिकायला जाण्यासाठी, आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले, सगळं खरं. पण दागिने केव्हा? आधी त्यांनी मिळेल तो सिनेमा पाहिला, इतका की डोळे जायची वेळ आली. 1912 साली लंडनला जाऊन कॅमेरा हाताळायला शिकून आले. परत आल्यावर एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कोंब रोज थोडा थोडा चित्रित करत राहिले. महिनाभर. मग ती फीत लोकांना दाखवली. जमिनीतून अंकुर फुटतो, वेल डोलत वर जाते, हे पडद्यावर बघून पैसे देणाऱ्याला पटलं की हा माणूस करू शकतो. तेव्हा 'राजा हरिश्चंद्र' झाला, 3 मे 1913 ला मुंबईत लागला. आणि त्यानंतर तो माणूस मुंबईत न थांबता नाशकात परत आला आणि पुढचे सिनेमे इथं केले. तारामती झालेले अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या खानावळीत स्वयंपाकी होते, बरोबर. पण त्यांच्या दारात फाळके गेले होते, बाई मिळत नव्हती म्हणून. तुझ्या दारात कोणी येणार नाहीये. तुझा वाटाणा कुठं आहे? महिनाभर एका जागी बसून केलेलं, कुणाला दाखवता येईल असं, एक काम दाखव मला.

फाळक्यांचा शेवटही सांगते, कारण अर्धं सांगणं हीही लबाडीच. 1944 साली इथंच नाशकात गेले, आणि तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. एवढं सगळं करूनही असं होतं. म्हणून तर म्हणते, आईच्या गळ्यातलं घेऊन जाऊ नकोस.

"नाशकात राहून काय होणार" हे वाक्य मला ऐकवू नकोस. प्राजक्त देशमुखांनी 'देवबाभळी' याच गावात राहून लिहिलं, एकांकिका म्हणून स्पर्धांत उतरवलं. 2017 साली भद्रकाली या नाट्यसंस्थेनं ते व्यावसायिक रंगमंचावर आणलं आणि मुंबई-पुण्याची माणसं रांगा लावून बघायला आली. अनिता दाते इथलीच. ती आधी पुण्याला ललित कला केंद्रात शिकली. जायचंच तर असं शिकायला जा. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, दिल्लीचं एनएसडी आहे आणि तिथं निवड झाली तर विद्यावेतन मिळतं. पण एनएसडीला पदवी लागते आणि नाटकांतलं प्रत्यक्ष काम लागतं. तुझे शेवटच्या वर्षाचे दोन विषय अजून तसेच आहेत. ऑक्टोबरात बसतोयस त्याला. विचारत नाहीये, सांगतेय.

ऑडिशन द्यायची खुमखुमी असेल तर पंचवटी एक्स्प्रेस आहे ना. सातच्या सुमाराला नाशिकरोडला बस, अकराच्या आत मुंबईत, संध्याकाळच्या गाडीनं रात्री दहापर्यंत आईच्या हातचं जेवायला घरी. हजारो माणसं पास काढून रोज जातात-येतात, ती काय वेडी आहेत? अर्ध्या ऑडिशनी तर आता मोबाइलवर चित्रित करून पाठवायच्या असतात. त्याला अंधेरीची कॉट कशाला लागते? महिन्यातून चार खेपा कर. त्या चार खेपांत तुला कळेल की तुझ्यात काय कमी आहे, आणि ते कळायची किंमत पस्तीस हजार नसून तिकिटापुरती असेल. सहा महिने नोकरी कर. एक वर्ष पुरेल एवढा पैसा स्वतःच्या घामाचा साठव. मग जा. मी स्वतः नाशिकरोडला सोडायला येईन, डबा घेऊन.

रडू नकोस. रडायचंच असेल तर आवाज न चिरकता रड, तेही शिकावं लागतं.

ऊठ आता. सराफ बाजार साडेआठपर्यंत उघडा असतो. तुझ्याकडचे वीस दे, वरचं व्याज काय असेल ते मी देते, हे घे. फुकट देत नाहीये, वहीत तुझ्या नावावर मांडलंय. पोत घेऊन सरळ घरी जा, आईच्या हातात दे, आणि वडील रात्रपाळीला निघायच्या आत त्यांच्यासमोर बसून खरं काय ते सांग. ते हात उगारतील, बाजूला होऊ नकोस.

कपाटातलं ते वरचं पुस्तक काढ. 'रायगडाला जेव्हा जाग येते'. तुझं पात्र कुठलं ते विचारू नकोस, सगळं वाच. सोमवारी पहाटे साडेपाचला ये, आधी 'ण' बघू.

आणि हे पेढे घेऊन जा. त्या मुलीकडे दे. डिसेंबरातले राहिलेत.