चौथे ऋण

नातेवाईक जन्माने मिळतात आणि मित्र आपण निवडतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे नाते आहे, आणि जागेपणीचा बहुतेक काळ आपण त्यातच घालवितो. ते नाते सहकाऱ्याचे. कचेरीत शेजारच्या मेजाशी कोण बसावे, हे आपल्या रक्ताने ठरत नाही की आवडीनेही ठरत नाही. ते हजेरीपटाने ठरते. मग अशा योगायोगाच्या नात्यातून एखादे कर्तव्य उत्पन्न होते काय? शेजारचा माणूस उद्या कायमचा अंथरुणाला खिळला, तर आपण त्याचे काय देणे लागतो? या प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हांला एका अमेरिकन बास्केटबॉलपटूची हकीकत हटकून आठवते.

मॉरिस स्टोक्स आणि जॅक ट्वायमन हे दोघे 1955 साली रॉचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक संघात एकाच वेळी दाखल झाले. दोघेही पिट्सबर्ग शहराच्या परिसरातले. स्टोक्स कृष्णवर्णीय, ट्वायमन गौरवर्णीय. सहा फूट सात इंच उंचीचे, भक्कम अंगाचे स्टोक्स पहिल्याच हंगामात सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले. फळीवर आदळून परतणारा चेंडू झेलण्यात त्यांचा हातखंडा होता. तीन हंगामांच्या हिशेबाने एका सामन्यात सरासरी सतरांहून अधिक वेळा त्यांनी असा चेंडू काबीज केला. 1957 साली संघाने आपले बिऱ्हाड सिनसिनाटीला हलविले. पंचविशीही न गाठलेल्या या तरुणापुढे सगळी कारकीर्द पडली होती.

1958 च्या मार्च महिन्याची 12 तारीख. हंगामातील साखळीचा शेवटचा सामना मिनियापोलिस येथे चालू होता. चेंडू घेऊन टोपलीकडे झेपावताना स्टोक्स कोसळले आणि त्यांचे डोके जमिनीवर आपटले. ते बेशुद्ध झाले; शुद्धीवर येताच पुन्हा खेळू लागले. तीनच दिवसांनी डेट्रॉइट येथे ते आणखी एक सामना खेळले. परतीच्या विमानात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. मेंदूला झालेल्या इजेने त्यांचे सर्वांग लुळे पडले. बुद्धी शाबूत, ऐकू येत होते, समजत होते. परंतु हात हलेना आणि जीभ वळेना.

व्यावसायिक खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. शेतकऱ्याची जमीन एका वर्षी नापीक झाली तरी तिथेच राहते. खेळाडूचे शरीर गेले की हाती काही उरत नाही. त्या काळी या खेळाडूंना निवृत्तिवेतन नव्हते. स्टोक्स यांची स्वतःची शिल्लक पेढीत होती. पण सही करण्याइतकीही शक्ती हातात नसल्याने ती असून नसल्यासारखी होती. आणि उपचारांचा खर्च तर दिवसागणिक चढत होता.

या वेळी ट्वायमन पुढे झाले. न्यायालयाकडून ते स्टोक्स यांचे कायदेशीर पालक झाले. त्यांचे वय त्या वेळी अवघे तेवीस-चोवीस. त्यांना स्वतःचा प्रपंच होता आणि स्वतःची कारकीर्दही होती. दोघे त्यापूर्वी जिवलग मित्र होते असेही नाही. तरी ट्वायमन यांनी कामावर इजा झालेल्या कामगाराला मिळणारी भरपाई आपल्या सहकाऱ्याला मिळवून दिली. निधीसाठी प्रदर्शनीय सामने भरविले. न्यूयॉर्क राज्यात मॉन्टिसेलोजवळच्या कुट्शर यांच्या विश्रामस्थानी उन्हाळ्यात होणाऱ्या या सामन्यांत विल्ट चेंबरलेन यांच्यासारखे नामवंत खेळाडू उतरत. स्टोक्स 6 एप्रिल 1970 रोजी वारले. म्हणजे बारा वर्षे हे ओझे ट्वायमन यांनी वाहिले. त्यातली आठ वर्षे ते स्वतः मैदानावर खेळत होते, आणि 1959-60 च्या हंगामात तर सामन्यामागे त्यांची सरासरी तीस गुणांच्या वर गेली होती.

ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, 'केवढे हे औदार्य!' आमचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो. औदार्य म्हटले की ते कृत्य ऐच्छिक ठरते. केले तर थोर, न केले तरी दोष नाही. वाटेल त्याने वाखाणावे आणि आपल्या वाटेने जावे, एवढी सोय त्या शब्दात आहे. ट्वायमन यांना मात्र हा शब्द मानवला नसता. काही तरी करणे भाग होते, कोणी तरी ते करावयास हवे होते, आणि जवळ आपणच होतो, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. हा आम्हांला निव्वळ विनय वाटत नाही. हा एक नैतिक सिद्धान्त आहे.

आपल्या परंपरेत तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. परंतु शतपथ ब्राह्मणात यांखेरीज एक चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यऋण. पहिल्या तिहींचे धनको निश्चित आहेत. चौथ्याचा धनको मात्र आगाऊ कळत नाही. दारात उभा राहील तो, शेजारी कोसळेल तो. या ऋणाचा दस्तऐवज नसतो आणि त्याला मुदतही नसते. सान्निध्य हीच त्याची नोंद. नोकरीनिमित्त मुलखापासून दूर येऊन राहिलेल्या आम्हां मंडळींना हे समजावून सांगावयास नको. मध्यरात्री रुग्णालयात उशाशी बसणारा माणूस पुष्कळदा सख्खा नसतो; तो शेजारच्या मेजावरचा असतो.

यावर कोणी आक्षेप घेईल की हे कर्तव्य मानले, तर संघातले बाकीचे सारे खेळाडू दोषी ठरतील. आमच्या मते ऋण साऱ्या संघाचे होते. ज्यांच्या उत्पन्नासाठी ते शरीर राबले त्या चालकांचे होते, टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांचेही होते. सामाईक कर्ज एकट्याने फेडले म्हणून बाकीच्यांचा वाटा रद्द होत नाही. म्हणूनच ट्वायमन यांच्या स्तुतीत आम्हांला थोडी अस्वस्थता वाटते. 1957 साली त्यांना दुसऱ्या संघाने घेतले असते, तर त्या रुग्णशय्येपाशी कोण आले असते? एखाद्याचे जगणे सहकाऱ्याच्या चांगुलपणाच्या योगायोगावर अवलंबून राहावे, ही त्या चांगुलपणाची शोभा असेल. व्यवस्थेची ती नामुष्की आहे. पुढे जानेवारी 1964 मध्ये बॉस्टनच्या मोठ्या सामन्यापूर्वी निवडक खेळाडू, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत, मैदानावर उतरेनात. त्यांनी औदार्य मागितले नाही, देणे मागितले.

मग व्यवस्था परिपूर्ण झाली, तर चौथे ऋण फिटेल काय? आम्हांला तसे वाटत नाही. स्टोक्स यांची वाचा गेली होती. तेव्हा ट्वायमन त्यांच्याजवळ बसून एकेक अक्षर उच्चारीत. हवे ते अक्षर आले की स्टोक्स पापणी मिटीत. अक्षराला अक्षर जोडून शब्द होई, शब्दाला शब्द जोडून वाक्य. भरपाईने औषधाचे बिल भागते, परिचारिकेचे वेतन भागते. परंतु त्या पापणीची वाट पाहण्याचे काम कोणत्याही निधीतून होत नाही. आणि त्या खोलीतून ट्वायमन रिकाम्या हाताने परतत असतील, असेही आम्हांला वाटत नाही. अंगातली सारी शक्ती गेल्यावरही वर्षानुवर्षे कष्टाने एकेक हालचाल परत मिळविणारा माणूस समोर असणे, ही देखील एक प्राप्तीच आहे.

2004 साली बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात स्टोक्स यांचा समावेश झाला, तेव्हा त्यांच्या वतीने तो मान ट्वायमन यांनी स्वीकारला. स्टोक्स जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती आणि न्यायालयाने दिलेले पालकत्व केव्हाच संपले होते. सहकाऱ्याचे नाते मात्र संपले नव्हते. ट्वायमन 2012 साली वारले. हजेरीपटावर दोन नावे योगायोगाने शेजारी येतात, यात कोणाचेच कर्तृत्व नसते. ती शेजारी राहू द्यावयाची की नाही, हा निर्णय तेवढा आपला असतो.