अभाव कशाने सिद्ध होतो?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन प्रणाली शेजारी शेजारी नांदत असताना पहिलीची गरज संपली, म्हणून तिचे पार्टिशन दुसरीच्या हवाली करण्याचा व्यवहार आज पुष्कळांच्या हातून घडतो. परंतु ‘येथे आता काही नाही’ असे जे विधान या व्यवहाराच्या मुळाशी असते, ते आपल्या दर्शनकारांनी ज्याचा शतकानुशतके खल केला त्या अभावाच्या प्रश्नालाच हात घालते.

प्रत्यक्षात काय घडते ते आधी पाहू. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटांचे एक कोष्टक असते. त्यात चारच नोंदी मावतात, आणि विभागाची, म्हणजे पार्टिशनची, हद्द कोठून कोठवर व तो कोणत्या प्रकारचा, एवढाच प्रत्येक नोंदीचा मुख्य मजकूर. विंडोजच्या एनटीएफएस विभागाचा षोडशमान संकेतांक ०७, लिनक्सचा ८३. नोंद बदलून विभाग लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट केला, की नवी प्रणाली ठरावीक जागी आपली बांधणी लिहिते आणि थांबते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर उरलेला बहुतेक प्रदेश तसाच राहतो. दप्तरी फेरफार झाला, शेतात मात्र जुने पीक उभेच.

अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. पार्टिशन रिकामे झाले असे म्हणणाऱ्याला जुन्या मजकुराचा प्रध्वंस अभिप्रेत असतो. पण तो झाला हे त्याने कोणत्या प्रमाणाने जाणले? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक तिला प्रत्यक्षाचे केवळ साहाय्य समजतात. मतभेद मोठा, तथापि एका अटीवर सर्वांचे एकमत आहे, ती अट म्हणजे अनुपलब्धी योग्य असली पाहिजे, वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, एवढ्याने घटाभाव सिद्ध होत नाही. नव्या प्रणालीला जुन्या फाइली दिसत नाहीत, कारण त्या वाचण्याची अनुक्रमणिकाच मोडलेली असते. ही अनुपलब्धी अयोग्य होय, आणि तिच्या आधारे काढलेला रिक्ततेचा निष्कर्ष अप्रमाण होय.

हा निव्वळ पांडित्याचा वाद आहे असे मला वाटत नाही. त्या विभागात दिवंगत वडिलांची पत्रे असतील, एखाद्या वैद्याने विश्वासाने लिहून ठेवलेली रुग्णांची टिपणे असतील. आणि तीच डिस्क उद्या विकली गेली, तर फाइली परत मिळवून देणाऱ्या साध्या प्रोग्रामने ती पत्रे व टिपणे तिऱ्हाइताच्या हाती पडतील. (सॉलिड स्टेट डिस्कवर ट्रिमची, म्हणजे नको असलेली जागा मोकळी करण्याची, आज्ञा गेली, तर जुना मजकूर बहुधा खरोखरच नाहीसा होतो, तेथे धोका उलट बाजूचा, पश्चात्तापाला अवसर न मिळण्याचा.) ‘नको’ हा आपल्या इच्छेचा निर्णय आहे, ‘नाही’ ही वस्तुस्थिती आहे. इच्छेने वस्तुस्थितीची जागा घेतली, की प्रमाद केवळ ज्ञानाचा राहत नाही, तो आचाराचाही होतो, कारण दुसऱ्याने सोपवलेल्या ठेवीची जबाबदारी ती दृष्टीआड केल्याने संपत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच, की पार्टिशन दुसऱ्या प्रणालीला देण्यापूर्वी ते जुन्या प्रणालीतच एकदा उघडून सावकाश पाहावे, जे राखायचे ते अन्यत्र उतरवून घ्यावे, आणि जे खरोखर नाहीसे करायचे त्यावर आरंभापासून अखेरपर्यंत शून्ये लिहून मगच ते पार्टिशन फॉरमॅट करावे.