श्वास पाहा, अर्जही करा

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या धम्मातली आनापान ही साधना अगदी साधी: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा, मन भरकटलं की पुन्हा तिथेच आणायचं. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. लक्ष टिकलं की श्वासही बहुधा आपसूक संथ होतो. मिळणाऱ्या शांततेला असा शरीराचा आधार आहे.

आक्षेप येईल, की ताडोबाच्या जंगलालगत पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाईला वाघाची भीती असताना श्वास काय करणार? रानात भीती हवीच. ती सावध ठेवते. पण घरी परतल्यावरही छातीतली धडधड थांबत नाही, तेव्हा श्वास कामी येतो. ध्यानाने माणूस सोशीक होतो, हा आक्षेप अधिक वजनदार. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले ते ग्रामसभेच्या चिकाटीमुळे, सोसत बसून नव्हे. मात्र तिथले निर्णय एकमताने होतात; त्यासाठी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि तापलेलं डोकं कुणाचं ऐकत नाही. तेव्हा रोज दहा मिनिटं श्वासाला द्या, आणि मग हक्काचा अर्ज घेऊन ग्रामसभेत जाच.