दुखणे मनाचे म्हटले, की खोटे ठरते का?



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एका घरी नेहमी अर्धा तास जास्त जातो. त्या घरचे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले नाहीत. चालतात, बोलतात, चेहऱ्यावर आजार दिसत नाही. न्हावा-शेवा बंदरात वीस वर्षे ट्रेलर चालवला आणि आता चार वर्षे कंबर दुखते आहे. (त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहोत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मागच्या भेटीत त्यांनी एक चिठ्ठी आमच्यापुढे धरली. डॉक्टरांनी मानसोपचाराचा सल्ला लिहून दिला होता.

"फादर, एमआरआयमध्ये विशेष काही नाही म्हणतात. आता मनाच्या डॉक्टरकडे जा म्हणतात. म्हणजे चार वर्षं मी सोंग करतोय का?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. वर्षभरापूर्वी याच गृहस्थांना आम्ही सांगितले होते, की दुखणे क्रूसाच्या पायाशी ठेवा, प्रभूला अर्पण करा. तसे सांगून आम्ही पुढच्या घरी निघून गेलो होतो. जे सांगितले ते ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरूनच होते. पण ते सांगितल्यावर आमचे काम संपले, असे आम्ही मानले. खरे तर त्यांच्या दुखण्यातून आम्हीच आमची सुटका करून घेतली होती.

त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मनाचा उपचार लागतो म्हणजे दुखणे खोटे का? आणि श्रद्धावंताने असा उपचार घेणे म्हणजे प्रभूवरचा विश्वास कमी पडला, असे होते का?

पहिल्या प्रश्नाचे मूळ जुने आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना रेने देकार्त या फ्रेंच विचारवंताचे एक चित्र आम्हाला दाखवत. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे, पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी आहे. विस्तवाचा चटका दोरी ओढतो आणि वर घंटा वाजते. चित्र समजायला सोपे, म्हणून आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्के बसले आहे. खाली विस्तव सापडला नाही, तर वाजणारी घंटा खोटी, असा हिशोब आपण करतो. एमआरआयमध्ये आपण तो विस्तवच शोधत असतो.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी या चित्राला मोठा धक्का दिला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार आहे, ते वेदनेचा संदेश कधी जास्त तर कधी कमी आत सोडते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते दार उघडतात किंवा लोटतात, असे त्यांनी मांडले. नंतर या मांडणीत सुधारणा झाल्या, पण भीती, झोप, लक्ष आणि काळजी यांचा वेदनेशी संबंध आहे हे आता कोणी नाकारत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. मूळ इजा भरून आली तरी कधी कधी मज्जासंस्था इशारे देतच राहते. चोर केव्हाच पळाला आणि गाडीचा भोंगा रात्रभर वाजतो आहे, तसे. चोर नाही म्हणून भोंगा वाजत नाही, असे कोणी म्हणेल का? आपल्या भागात कित्येकांना चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखल्याची आठवण असेल. ताप गेला, दुखणे मागे राहिले.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराला जाणवणारा आणि भावनेलाही भिडणारा अनुभव आहे, असे ती व्याख्या सांगते. तिच्या जोडीला एक टीपही आहे: कोणी दुखते म्हणाले, तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. डॉक्टरांच्या संघटनेला हे मुद्दाम लिहावे लागले, यावरूनच किती जणांवर अविश्वास दाखवला गेला असेल याची कल्पना करावी.

आम्हा कॅथलिकांना खरे तर हे नवीन वाटू नये. ट्रेलरमध्ये ड्रायव्हर बसतो तसा आत्मा शरीरात बसलेला नाही. शरीर आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो, हे संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात शिकवत होते. 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात दुःखावर कोणते उपाय आहेत, याचाही त्यांनी विचार केला आहे. सत्याचे चिंतन तर त्यात आहेच. पण मनमोकळे रडणे आहे, मित्रांची सहानुभूती आहे, आणि झोप व अंघोळसुद्धा आहे. एवढ्या मोठ्या धर्मपंडिताला अंघोळ सांगण्यात कमीपणा वाटला नाही.

आता श्रद्धेचा प्रश्न. बेन सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगितले आहे आणि लगेच वैद्यालाही त्याची जागा द्यायला सांगितले आहे. एक झाले म्हणून दुसरे सोडा, असे तिथे नाही. पोप पायस बारावे यांनी १९५३ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना काही बाबतींत सावध केले, पण त्यांचे कार्य नाकारले नाही. १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदना कमी करणारी औषधे घेणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. पोप जॉन पॉल दुसरे यांचे दुःखसहनाच्या अर्थावरचे १९८४ चे पत्र अनेकांना केवळ 'अर्पण करा' एवढ्यासाठी माहीत आहे. त्याच पत्रात भल्या शोमरोनीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. रस्त्यात पडलेल्याला त्याने दुःख अर्पण करायला सांगितले नाही. जखमा बांधल्या आणि उतारशाळेचा खर्चही दिला.

आम्हाला मात्र या विषयात मार्कलिखित शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री सर्वांत जवळची वाटते. अनेक वैद्य झाले, होते नव्हते ते खर्च झाले, दुखणे वाढतच गेले. आपल्या घराघरांतल्या फायलींसारखीच तिची कहाणी. तू वैद्यांकडे का गेलीस, असे प्रभू तिला विचारत नाही. ती बरी झाल्यावर प्रभू गर्दीत थांबतो आणि ती त्याला सगळी हकिगत सांगते. त्या वेळी याईराची मुलगी मरणपंथाला लागली आहे, बाप शेजारी तळमळत उभा आहे, तरी प्रभू तिचे ऐकून घेतो. शरीर तर आधीच बरे झाले होते. मग हे ऐकणे कशासाठी होते?

या उपचाराचा मोठा भाग म्हणजे असे ऐकणेच, म्हणून माणूस निवडताना पहिली गोष्ट भाषेची. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका, कळ, चमक, ठसठस, आग, मुंग्या, रग. कळ येते आणि जाते, ठणका रात्रभर बसून राहतो. हे परक्या भाषेत सांगायचे तर माणूस "पेन आहे" एवढे म्हणून गप्प बसतो. आपली बोली समजणाराच शोधावा, त्यासाठी थोडे दूर जावे लागले तरी. २०२४ पासून द्रोणागिरीला रेल्वे आली आहे, नेरूळ-बेलापूर गाठणे आता पूर्वीसारखे अवघड नाही.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात; त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे खुशाल विचारावे. जुनाट वेदनेच्या रुग्णांबरोबर काम केले आहे का, हेही विचारावे. दहा बैठकांत वेदना मुळापासून काढतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. पहिल्या माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघावा, त्यात कृतघ्नपणा नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतून बोलता येते. मात्र पायात नवीन अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर समुपदेशनाची वाट न पाहता आधी रुग्णालय गाठावे.

आमचे हे गृहस्थ अखेर गेले. दुखणे गेलेले नाही. चांगल्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि मग चार दिवस पडून राहायचे, ही सवय ते मोडत आहेत. बरे वाटले तरी ठरल्याइतकेच काम, बरे नसले तरी थोडेसे. झोप सुधारली आहे असे पत्नी सांगते. जपमाळही चालू आहे. आता ती पाठीला उशी लावून होते.

ते आम्हाला एक गोष्ट बोलले, ती इथे लिहिणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी सणाच्या मिरवणुकीत त्यांनी पवित्र मरियेच्या मूर्तीला खांदा दिला. पुढचे बारा दिवस ते उठू शकले नाहीत. मिरवणूक सर्वांनी पाहिली, बारा दिवस फक्त घरच्यांनी. नंतर मिस्साला गुडघे टेकता येईनात, तेव्हा मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "मूर्तीखाली बरी कंबर चालते." त्यानंतर चार महिने ते देवळात आले नाहीत. आम्ही ते आळसात जमा केले होते.

पुढच्या रविवारपासून डावीकडच्या दाराजवळ, पंख्याखाली, पाठ टेकता येईल अशा सहा खुर्च्या ठेवत आहोत. तिथे बसणाऱ्यांनी गुडघे टेकले नाहीत, मध्येच उभे राहिले किंवा बाहेर एक फेरी मारून आले तरी चालेल. ख्रिस्तप्रसाद त्यांना जागेवर आणून दिला जाईल. तिथे कोण बसले आहे आणि त्याला काय झाले आहे, याची कोणी चौकशी करू नये.

आपला,
धर्मगुरू