उत्तर वाटेवर असताना

शास्त्रभाग : दानीएल १० : १-१४, योहान ११ : १-६



"पाळकसाहेब, पुष्कळ प्रार्थना केली, पण देव काही बोलतच नाही." घरभेटीच्या वेळी हे उद्गार वारंवार कानी पडतात. कोणाचा मुलगा व्यसनात सापडलेला असतो, कोणाचे माणूस वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले असते. काही जण तर तोंडाने काहीच बोलत नाहीत. ते फक्त प्रार्थनासभेला येणे हळूहळू बंद करतात. म्हणून आज आपण विचार करू या, की उत्तर आले नाही याचा अर्थ आपले ऐकलेच गेले नाही असा होतो काय?

विज्ञानाच्या क्षेत्रातील एक गोष्ट या बाबतीत आपल्याला उपयोगी पडेल. रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, धावतात. चंद्रापर्यंत त्या सव्वा सेकंदात पोहोचतात. मंगळ जवळ असेल तर तीन-चार मिनिटे आणि फार दूर असेल तर २२ मिनिटांपर्यंत लागतात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपल्या देशाचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा तिकडचा संदेश पृथ्वीवर यायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. त्यामुळे लागणाऱ्या आज्ञा यानात अगोदरच भरून ठेवल्या होत्या. बंगळूरच्या केंद्रात सर्व जण श्वास रोखून बसले होते, त्या शेवटच्या मिनिटांत तिकडे काम फत्ते झालेले होते! बातमी तेवढी वाटेवर होती.

याहून मोठी प्रतीक्षा व्हॉयेजर-२ या अमेरिकन यानाची. ते २० ऑगस्ट १९७७ रोजी सोडण्यात आले. २१ जुलै २०२३ रोजी पाठवलेल्या आज्ञांमध्ये काही चूक झाली आणि यानाचा अँटेना पृथ्वीपासून केवळ २ अंश बाजूला वळला. तेवढ्यानेच संपर्क तुटला. यान तेव्हा सुमारे २,००० कोटी किलोमीटर दूर होते. शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील मोठ्या अँटेनावरून पूर्ण शक्तीनिशी हाक दिली. ती हाक पोहोचण्यास साडेअठरा तास आणि उत्तर परत येण्यास तितकेच. म्हणजे एकंदर ३७ तास. या काळात कोणी म्हणाले नाही, की यान गप्प आहे, चला, केंद्र बंद करू या. हाक गेली आहे, तिला वेळ लागणार, हे त्यांना ठाऊक होते. ते कान लावून बसले, आणि ४ ऑगस्ट रोजी उत्तर आले.

आता दानीएलाकडे पाहू या. कोरेश राजाच्या तिसऱ्या वर्षी दानीएलाने तीन सप्तके शोक केला. पक्वान्न, मांस व द्राक्षारस त्याने वर्ज्य केले. एकवीस दिवस आकाश जणू बंद होते. मग हिद्दकेल नदीच्या काठी देवदूत त्याला भेटला आणि त्याने सांगितले, की तू मन लावलेस त्या पहिल्याच दिवशी तुझे शब्द ऐकण्यात आले. पण मला वाटेत एकवीस दिवस अडवून धरण्यात आले होते. बंधुभगिनींनो, ऐकले जाण्याचा दिवस पहिला आणि उत्तर हाती येण्याचा दिवस एकविसावा! मधले सर्व दिवस दानीएलाला रिकामे वाटले असतील, पण ते रिकामे नव्हते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यानाला उशीर होतो तो अंतरामुळे. आपला देवबाप मात्र दूर नाही. आपण हाक मारण्यापूर्वीच तो जाणतो. तेव्हा त्याच्या उत्तराला विलंब होतो तो अंतरामुळे नव्हे, तर त्याच्या इच्छेत आणि त्याच्या वेळेत. लाजर आजारी असल्याचा निरोप प्रभू येशूला मिळाला, तरी तो होता तेथेच दोन दिवस राहिला. मार्था व मरीया यांच्यावर त्याची प्रीती नव्हती काय? होती, योहान ते आवर्जून लिहितो. पण त्या बहिणींनी रोगनिवारण मागितले होते आणि प्रभू त्यांना पुनरुत्थान दाखवणार होता. पौलानेही शरीरातील काट्याविषयी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. त्याऐवजी पुरेशी कृपा मिळाली. तेही उत्तरच होते.

आणखी एक गोष्ट. व्हॉयेजरच्या बाबतीत पृथ्वी गप्प झाली नव्हती. यानाचे तोंड वळले होते. आपण एकदम देवाकडे पाठ फिरवीत नाही. मनातली एक अढी, भावाशी बंद झालेले बोलणे, सकाळचे राहून गेलेले शास्त्रवाचन, एवढ्यानेच दिशा चुकते. म्हणून प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. मात्र दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून "तुझेच काही चुकले असेल" असे म्हणू नये. ईयोबाच्या मित्रांनी ते केले आणि देवाने त्यांना दोष दिला. दानीएल तर परमप्रिय पुरुष होता, तरीही त्याला वाट पाहावी लागली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा असा शिकवावा. मुलांना आवारात एका ओळीत उभे करावे. पहिल्याने एक प्रश्न दुसऱ्याच्या कानात सांगावा आणि तो शेवटपर्यंत जाऊन उत्तर तसेच परत यावे. मग पहिल्या मुलाला विचारावे : मधल्या वेळी तुला काही ऐकू येत होते काय? नव्हते. पण तुझा प्रश्न हरवला होता काय? नाही. मुले हे विसरणार नाहीत.

तेव्हा ज्यांनी प्रार्थना सोडून दिली आहे, त्यांनी आज रात्री पुन्हा गुडघे टेकावेत. आणि तुमच्या शेजारच्या बाकावरची जी जागा काही आठवड्यांपासून रिकामी आहे, त्या भगिनीच्या घरी जा. उपदेश करू नका; तिच्याबरोबर बसा आणि वाट पाहा. दानीएलाने एकट्याने एकवीस दिवस काढले. आपल्याला तर प्रभूने मंडळी दिली आहे.

प्रभू तुम्हांला वाट पाहण्याचे बळ देवो. आमेन.