नांवाचीं अक्षरें आणि देवाची कृपा

वचन : १ इतिहास ४:९, १०



अक्षरांची उलटापालट केली असतां एका शब्दांतून दुसराच शब्द निघतो, ही गोष्ट आपल्या देशांत लहान मुलांसहि ठाऊक आहे. ‘मरा, मरा’ म्हणतां म्हणतां वाल्ह्या कोळ्याच्या तोंडून ‘राम’ निघूं लागला, ही कथा कोणीं ऐकिली नाहीं? प्राचीन इब्री लेखनांत तर केवळ व्यंजनें लिहीत. त्यामुळें दोनतीन अक्षरांचें नांव फिरविणें सोपें असे. पवित्र शास्त्रांतील तीन नांवें या दृष्टीनें पाहूं.

पहिलें नांव नोहा. त्याचा बाप लामेख यानें तें विसाव्याच्या आशेनें ठेविलें. इब्रींत तें ‘नून’ व ‘हेथ’ या दोनच अक्षरांचें आहे. तींच अक्षरें उलट लिहिलीं कीं ‘हेन’ शब्द होतो. त्याचा अर्थ कृपा. उत्पत्ति ६:८ यांत नोहावर देवाची कृपा झाल्याचें सांगितलें आहे, तेथें मुळांत हे दोन्ही शब्द आले आहेत. बापानें विसावा इच्छिला. देवानें त्याच अक्षरांत कृपा दिली.

दुसरें नांव एर. हा यहूदाचा वडील मुलगा. या शब्दाचा अर्थ जागा असलेला असा होतो. नांव किती चांगलें! परंतु त्याचीं दोन अक्षरें फिरविलीं कीं ‘रा’, म्हणजे वाईट, असा शब्द होतो. आणि उत्पत्ति ३८:७ यांत त्याच्याविषयीं तोच शब्द लिहिला आहे. यावरून चांगलें नांव मनुष्यास तारीत नाहीं, हें उघड आहे.

तिसरें नांव याबेस. त्याच्या आईस प्रसूतीच्या वेळीं फार क्लेश झाले, म्हणून तिनें त्याचें नांव क्लेशावरून ठेविलें. इब्रींत क्लेशास ‘ओसेब’ म्हणतात. त्यांत आयिन, सादे, बेथ हीं अक्षरें आहेत. याबेस या नांवांत आरंभीं एक अक्षर अधिक असून शेवटच्या दोहोंची अदलाबदल झाली आहे. आईचें दुःख मुलाच्या नांवास चिकटलें. जो कोणी त्यास हाक मारी, तो त्या क्लेशाची आठवण देई. परंतु याबेसानें नांवास दोष दिला नाहीं, नांव बदललेंहि नाहीं. त्यानें इस्राएलाच्या देवास हाक मारून आशीर्वाद मागितला, आणि आपणांस क्लेश होऊं नये अशी विनंती केली. त्या विनंतींतहि तोच क्लेशाचा धातु आहे. देवानें त्याचें मागणें दिलें, आणि तो आपल्या भावांपेक्षां अधिक मान्य झाला.

आपल्या गांवांतून धोंडू, दगडू, केरू, भिकू अशीं नांवें पुष्कळ आहेत. मागचीं मुलें दगावलीं, हें तरी जगावें, म्हणून रडत्या आईनें तीं ठेविलीं. अशा नांवाची लाज कोणीं धरूं नये. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला, तरी त्यांचें नांव नारायणच राहिलें. देव हृदय पालटितो. नांव पालटलेंच पाहिजे असें नाहीं.

कांहीं घरांत अजून पंचांग पाहून बाळाच्या नांवाचें आद्याक्षर विचारितात. २७ नक्षत्रें, प्रत्येकाचे ४ चरण, मिळून १०८, आणि दर चरणास एक अक्षर, असा तो हिशेब आहे. परंतु भीतीनें अक्षर शोधणें आपणांस शोभत नाहीं. क्लेशाचें नांव असतांहि याबेसाचा आशीर्वाद अडला नाहीं.

मात्र एक अक्षरविद्या आपल्या जिभेंत आहे, तिजविषयीं सावध असावें. धोंडूचा ‘धोंड्या’ आणि केरूचा ‘केऱ्या’ करणें किती सोपें! त्या थोड्याशा फरकांत मनुष्याचा सारा मान जातो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस अशी हाक ऐकावी लागली, त्यांस तिची बोच ठाऊक आहे. तेव्हां मंडळींत तरी ती ऐकूं येऊं नये. उपदेशकांनीं हजेरी घेतांना ‘धोंडूभाऊ’, ‘केरूबाबा’ असें म्हणावें. मुलें तेंच शिकतील. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हाक मारितो, हें योहानाच्या दहाव्या अध्यायांत आपण वाचितों. ज्याचें नांव त्यानें प्रीतीनें घेतलें, त्याचें नांव आपण तिरस्कारानें कसें घ्यावें?

ज्यानें याबेसाचें ऐकिलें, तो तुमचेंहि ऐको. आमेन.